तीन राजे आणि दोन साष्टी

साष्टी हें नांव कोंकणांत दोन ठिकाणीं आहे, ही गोष्ट वाचकांस विदित आहेच. एक साष्टी मुंबईच्या उत्तरेस. तींत ठाणें, वांद्रें, अंधेरी, बोरिवली हीं स्थळें येतात आणि भांडुप व मुलुंड ह्यांच्यामध्यें वसलेलें आमचें नाहूरहि येतें. दुसरी साष्टी गोमंतकांत, जुवारी नदीच्या दक्षिणेस. तिचें मुख्य ठाणें मडगांव. दोन्हीं नांवें 'षट्षष्टि', म्हणजे सहासष्ट गांवांचा समूह, ह्या एकाच संस्कृत शब्दापासून झालीं अशी परंपरागत व्युत्पत्ति आहे व ती आम्हांस ग्राह्य वाटते. पोर्तुगीजांनीं ह्या दोन्ही साष्टी नऊ वर्षांच्या अंतरानें हस्तगत केल्या. उत्तरेकडील १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहाशीं झालेल्या तहानें, आणि गोमंतकांतील १५४३ सालीं.

ह्या दोन साष्टींस जोडणाऱ्या एका सणाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. ख्रिस्ती पंचांगांत नाताळानंतर बाराव्या दिवशीं, म्हणजे ६ जानेवारीस, 'एपिफनी' नांवाचा सण येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ प्रकट होणें. म्हणून मराठींत त्यास प्रकटीकरणाचा सण म्हणतात. लोकांच्या तोंडीं मात्र तो तीन राजांचा सण आहे. दूर देशींचे तीन पुरुष एका ताऱ्याच्या मागें निघाले, त्यांनीं बाळ ख्रिस्तास शोधून काढिलें, त्यास साष्टांग नमस्कार घातला व भेटी अर्पण केल्या, ही त्याची कथा. हा सण कोंकणांत केव्हां आला, कोणीं आणिला, आणि आणणारे निघून गेल्यावरहि तो कां राहिला, असे तीन प्रश्न आहेत. पहिल्या दोहोंचीं उत्तरें पुस्तकांत मिळतात. तिसऱ्या प्रश्नाकडे आमच्यासारख्या इतिहासप्रेमी मंडळींनीं जावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं.

ह्या विषयाकडे आम्ही वळलों तो स्वतःच्या एका चुकीमुळें. तीस-बत्तीस वर्षांपूर्वीं वर्गांत पोर्तुगीज अमदानीचा धडा शिकवितांना, तीन राजे बेथलेहेमास गेल्याचें शुभवर्तमानांत लिहिलें आहे, असें आम्हीं सांगितलें. त्यावर एक विद्यार्थी उभा राहिला. त्याचें आजोळ गोराईचें. तो म्हणाला, "सर, ते तीन होते असें तेथें लिहिलेलें नाहीं, आणि ते राजे होते असेंहि नाहीं." आम्हीं त्यास खालीं बसविलें. सायंकाळीं ग्रंथ उघडून पाहिला, तों मुलाचेंच म्हणणें खरें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत तशी कबुली दिली. तेव्हां तो इतकेंच म्हणाला कीं, आमच्या आजोळच्या चर्चचें नांवच त्यांच्यावरून आहे, आपण एकदां या. जाऊं असें आम्हीं म्हटलें खरें, पण पुढें तीस वर्षें गेलों नाहीं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत हा वृत्तान्त आला आहे. पूर्वेकडून कांहीं 'मागी' यरुशलेमेस आले. आम्हीं त्याचा तारा पाहिला व त्यास नमन करावयास आलों, असें सांगून ते नवजात राजाचा ठाव विचारूं लागले. हेरोद राजा घाबरला. त्यानें याजक व शास्त्री ह्यांस बोलावून विचारिलें, तेव्हां त्यांनीं मीखा नांवाच्या संदेष्ट्याच्या वचनावरून बेथलेहेम हें गांव अचूक सांगितलें. मग हेरोदानें मागींस गुप्तपणें बोलावून आज्ञा केली कीं, बालकाचा नीट शोध करा व सांपडल्यावर मला कळवा, म्हणजे मीहि येऊन नमन करीन. मागी गेले, त्यांनीं नमन केलें, सोनें, ऊद व बोळ अर्पण केला, आणि स्वप्नांत सूचना मिळाल्यामुळें हेरोदाकडे न जातां निराळ्या वाटेनें स्वदेशीं परतले. पुढें हेरोदानें त्या गांवच्या बालकांची कत्तल करविली. संख्येचा उल्लेख नाहीं. भेटी तीन म्हणून देणारे तीन, असें पुढील काळांत ठरलें. स्तोत्रसंहितेंत व यशयाच्या ग्रंथांत राजांनीं भेटी आणिल्याचीं वर्णनें आहेत, त्यांवरून ते राजे झाले. गास्पर, मेल्किओर व बाल्ताजार हीं नांवें तर त्याहूनहि उशिराचीं. तीं आजहि कोंकणांतील ख्रिस्ती घराण्यांत मुलांस ठेवितात.

संस्कृताच्या अभ्यासकास ह्या 'मागी' शब्दापाशीं थांबल्यावांचून राहवत नाहीं. प्राचीन इराणी भाषेंत पुरोहितांच्या एका वर्गास 'मगु' म्हणत. दारयवहूच्या बेहिस्तून येथील शिलालेखांत इ. स. पूर्वीं ५२२ सालच्या गौमात नांवाच्या मगूची हकीकत आहे. हाच शब्द ग्रीकांत गेला, आणि हाच आपल्याकडे 'मग' ह्या रूपानें आला. कृष्णपुत्र सांब कुष्ठानें पीडिला असतां सूर्योपासनेनें बरा झाला, त्यानें चंद्रभागेच्या तीरीं सूर्याचें मंदिर बांधिलें आणि तेथील पूजेसाठीं शाकद्वीपांतून मग आणिले, अशी कथा सांबपुराणांत व भविष्यपुराणांत आहे. (ही चंद्रभागा पंजाबांतील, पंढरपूरची नव्हे.) वराहमिहिरानेंहि बृहत्संहितेंत कोणत्या देवतेची स्थापना कोणीं करावी हें सांगतांना सूर्यासाठीं मगांची योजना केली आहे. म्हणजे ज्या पुरोहितांस आपलीं पुराणें पश्चिमेकडून आलेले म्हणून ओळखतात, त्यांसच शुभवर्तमान पूर्वेकडून आलेले म्हणून ओळखतें. मत्तयाच्या काळीं ह्या शब्दाचा अर्थ नुसता ज्योतिषी असाहि होऊं शके, हें खरें. तरी वंश एकच. आमच्या नाहूरच्या पश्चिमेस डोंगरांची जी रांग दिसते, तिच्या पलीकडील कान्हेरीच्या लेण्यांत इ. स. १००९ व १०२१ मधील पहलवी लेख आहेत. जरथुश्त्राच्या अनुयायांनीं तेथें आपलीं नांवें कोरून ठेविलीं. तेव्हां मागींचे धर्मबंधु पोर्तुगीजांच्या पांचशें वर्षें आधीं उत्तर साष्टींत येऊन गेले होते.

भेटींविषयींहि दोन शब्द. सोनें सोडून द्या. ऊद म्हणजे धूपाचा डिंक, हा अरबस्तान व सोमाली किनारा येथून येई. एकोणिसाव्या शतकांत त्याच्या व्यापाराची मोठी पेठ मुंबई ही होती. त्या झाडांच्या जातींचें वर्णन जॉर्ज बर्डवुड ह्यांनीं १८७० सालीं केलें, तेव्हां एका जातीस आपल्या डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांचें नांव दिलें. तिसरी भेट बोळ. युरोपांतील टीकाकार तो प्रेतास लावण्याचा पदार्थ म्हणून त्यांत ख्रिस्ताच्या मरणाची सूचना पाहतात. आमच्या घरांत मात्र हिराबोळ ठाऊक आहे तो बाळंतिणीच्या औषधांत. आमच्या मातोश्रींस ही कथा आम्हीं प्रथम सांगितली, तेव्हां त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे, बाळंतिणीच्या घरीं जातांना बोळ न्यावाच." ही काय शास्त्रोक्त टीका नव्हे, पण परकी कथा एखाद्या देशांत रुजते ती पंडितांच्या अर्थानें नव्हे, ह्या अशा अर्थानें रुजते.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. ह्या कथेंत नमन हा शब्द दोघांच्या तोंडीं आहे, मागींच्या आणि हेरोदाच्या. शोधहि दोघांस हवा. एक शोधतो तो सांपडल्यावर लोटांगण घालण्यासाठीं, दुसरा शोधवितो तो आपलें आसन निर्वेध राहावें म्हणून. आणि तिसरा पक्ष शास्त्र्यांचा. त्यांस गांवाचें नांव ठाऊक होतें, बेथलेहेम यरुशलेमेपासून अवघें पांच-सहा मैल. पण त्यांतील कोणी चालून गेल्याचें लिहिलेलें नाहीं. कोंकणांतील ह्या सणाचा इतिहास पाहतांना ह्या तीन पक्षांची आठवण ठेवावी लागते, कारण तिन्ही पक्ष आपणांस एकाच जहाजांतून उतरतांना दिसतात.

गोव्यास येणारीं पोर्तुगीज जहाजें लिस्बनजवळील बेलें येथून निघत. बेलें म्हणजे बेथलेहेमच. तेथील मातेच्या देवळांत रात्र प्रार्थनेंत घालवून वास्को द गामा १४९७ सालीं निघाला. आणि गोव्यास मांडवीच्या मुखांत शिरतांना डाव्या हातास, बारदेशांतील वेरें गांवीं, किल्ला व चर्च लागे तें 'रेइश मागुश', म्हणजे मागी राजे, ह्या नांवाचें. किल्ला १५५१ चा. तेथें पूर्वीं आदिलशाही ठाणें होतें. चर्च फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंनीं १५५५ सालीं बांधिलें. त्याच्या दर्शनी भागावर पोर्तुगालचें राजचिन्ह आहे. आंत व्हाइसरॉय लुइश द अताइद ह्याच्या नांवाची समाधिशिला आहे. मागी पूर्वेकडून बेथलेहेमाकडे गेले, आणि हे बेथलेहेमाकडून निघून पूर्वेकडे मागींच्या नांवाच्या बंदरांत उतरले. वाट तीच, दिशा मात्र उलट. शिवाय मागींनीं तोफा नेल्या नव्हत्या.

हें आम्ही विनोदानें लिहीत नाहीं. गोमंतकांतील साष्टींत १५६७ सालीं राशोलच्या किल्लेदारानें मोहीम काढून सुमारें २८० देवळें पाडलीं. लोकांनीं देव उचलून नदीपलीकडे अंत्रुज महालांत नेले, तीं देवस्थानें आजहि तेथें नांदत आहेत. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें पांच जेजुइट पाद्री मारले गेले, तें ह्याच क्षोभाचें फळ. अशा भूमींत तीन राजांचा सण रुजविला गेला, हें विसरून त्याची गोडी गाणारा इतिहासकार आपलें काम करीत नाहीं. बेथलेहेमच्या चर्चविषयीं एक आख्यायिका आहे. इ. स. ६१४ मध्यें इराणी सैन्यानें पॅलेस्टाइन जिंकलें, तेव्हां तेथील भिंतीवर मागींचें चित्र इराणी वेषांत काढलेलें पाहून सैनिकांनीं तें चर्च पाडलें नाहीं. आपल्या पूर्वजांस त्यांनीं परक्या देवळांत ओळखिलें. साष्टींत १५६७ सालीं असें थबकून पाहणारा कोणी निघाला नाहीं.

कुंकळ्ळीच्या प्रसंगाच्या वेळीं साष्टींतच असलेल्या एका पुरुषाकडे आतां वळावें लागतें. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत १५४९ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. त्याच्या देशांत कॅथलिक पंथ पाळणें धोक्याचें झालें होतें. तो रोमेस गेला, १५७५ सालीं जेजुइट झाला, आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला. बापास त्यानें त्याच वर्षीं जें पत्र लिहिलें, तें पुढें हॅक्लुइटनें १५८९ सालीं छापिलें. ह्या पत्रांत प्रवासाचे हाल आहेत, मासे व पक्षी आहेत. पण आमचें लक्ष वेधलें तें दुसऱ्याच एका गोष्टीनें. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या नाविकास मार्ग ठरविण्यासाठीं आकाशांत एकहि स्थिर खूण नाहीं, म्हणून हा प्रवास कठीण, असें तो समजावून सांगतो. उत्तर-दक्षिण जाणारास ध्रुव असतो; पूर्वेकडे जाणारास कांहींच नाहीं. ताऱ्यावांचून पूर्वेकडे आलेल्या ह्या मनुष्यानें पुढें ताऱ्याच्या मागें गेलेल्या मागींची कथा मराठींत आणावी, हा योग विलक्षण खरा.

त्याचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापिलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणांत जुना करार, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. ग्रंथाचें प्रयोजन त्यानें आरंभींच कथारूपानें दिलें आहे. एके दिवशीं साष्टींतील चर्चांत धर्मशिक्षण चालूं असतां एक ब्राह्मण ख्रिस्ती उठून म्हणाला कीं, तुम्हीं आमचीं जुनीं पुराणें वाचण्याची मनाई केलीत, तर मग त्यांच्या ठिकाणीं दुसरें एखादें कां देत नाहीं? ह्या एका प्रश्नांत त्या पिढीची सारी कुचंबणा आहे. देऊळ गेलें, पोथी गेली, पण संध्याकाळीं कांहीं तरी ऐकावें ही भूक गेली नाहीं. स्टीफन्सनें ती ओळखिली. तो राजसत्तेच्या छायेंत वावरणारा पाद्री होता, हें आम्ही लपवीत नाहीं. पण मनाईचा हुकूम लिहिणें आणि चाळीस वर्षें एका भाषेची सेवा करून अकरा हजार ओव्या लिहिणें, हीं दोन कामें एकाच मनाचीं नव्हेत.

ह्या पुराणांत स्वर्गास वैकुंठ म्हटलें आहे आणि रचना ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीची आहे. त्यामुळें त्यांतील जन्मकथा ऐकणाऱ्या साष्टीकरास ती दूर देशची वार्ता वाटण्याचें कारण राहिलें नाहीं. दर्शनास जाणें, पायां पडणें, रिक्त हस्तानें न जाणें, हा आचार त्याच्या रक्तांतला होता. जुन्या देवाच्या देवळांत तो तेंच करीत आला होता. मागींची कथा त्यास काय सांगत होती? परधर्मी, परमुलखांतले, ज्यांस नियमशास्त्राचा गंधहि नाहीं, असे लोक प्रथम आले आणि त्यांचें नमन स्वीकारिलें गेलें. नुकत्याच बाटविल्या गेलेल्या, जुन्यांनीं वाळींत टाकलेल्या व नव्यांनीं खालच्या पंक्तीस बसविलेल्या माणसास साऱ्या शुभवर्तमानांत स्वतःची अशी जर कोणती जागा असेल, तर ती हीच होती. आमच्या मतें हा सण टिकण्याचें पहिलें कारण हें.

हें आमचें अनुमान आहे, परंतु पुढील इतिहास त्यास पुष्टि देतो. राजसत्तेनेंच ह्या भाषेवर घाला घातला. १६८४ सालीं व्हाइसरॉय कोंद द अल्व्होर ह्यानें देशी भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलूं लागावें असा हुकूम काढिला. क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज ज्ञात नाहीं. ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांवर, आणि तींहि मुख्यतः कानडा किनाऱ्यावर स्थलांतर केलेल्या कुटुंबांच्या घरीं. त्यांवरून जोसेफ सालढाणा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळुरास तो छापिला. टिपूनें १७८४ सालीं श्रीरंगपट्टणास नेलेल्या ख्रिस्ती कैद्यांस ह्या ओव्यांचाच आधार होता, अशी परंपरा त्या समाजांत सांगतात. पुढें लंडनांतील मार्सडेन संग्रहांत देवनागरी प्रत डॉक्टर ॲबट ह्यांच्या दृष्टीस पडली. शांताराम बंडेलू ह्यांनीं १९५६ सालीं पुण्याहून नागरी आवृत्ति काढिली, व २००९ सालीं फादर नेल्सन फाल्काव ह्यांची आवृत्ति निघाली. ज्या राज्याच्या किल्ल्यांतून हा सण आला, त्या राज्याच्या हुकुमाविरुद्ध त्याची कथा लोकांनीं उराशीं धरिली. रेइश मागुशचा किल्ला मात्र पुढें तुरुंग झाला, आणि आतां डागडुजी होऊन प्रेक्षकांस पाहावयास मोकळा आहे.

उत्तर साष्टीची गोष्ट थोडी निराळी. येथें १७३७ सालीं ठाणें मराठ्यांनीं घेतलें व १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांपुढें वसई पडली. त्याच वर्षीं सावंतवाडीकरांच्या फौजेनें बारदेश व्यापिला. आग्वाद व रेइश मागुश हे दोन किल्लेच तेवढे पोर्तुगीजांकडे राहिले. म्हणजे दक्षिणेकडील मागी तटाच्या आंत राहिले, उत्तरेकडील मागींस तटच उरला नाहीं. पोर्तुगीज सत्ता गेली, बहुतेक पाद्री गेले. १७७४ च्या अखेरीस इंग्रज आले. मधल्या पस्तीस वर्षांत येथील कोळी, कुणबी, भंडारी कुळांतील ख्रिस्ती लोकांनीं आपला धर्म कोणाच्या बळावर पाळिला? सक्तीनें आलेली गोष्ट सक्ति संपतांच गळून पडते, असा आमचा पूर्वींचा सिद्धान्त होता, आणि तो आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविलाहि. उत्तर साष्टींत तो खोटा ठरतो. ह्या लोकांपाशीं फ्रान्सिस्कु वाझ द गिमारांइश ह्याचें १६५९ सालीं छापलेलें ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील मराठी पुराण होतें. तें उपवासाच्या दिवसांत गाण्याचा परिपाठ होता. पुढें १८८७ सालीं ह्याच समाजानें ईस्ट इंडियन हें नांव घेतलें.

राजाज्ञेचा स्पर्शहि नसलेल्या शोधाचें उदाहरण पाहावयाचें तर तें रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें. १८९३ सालीं आगगाडींत एका अनोळखी प्रवाशानें त्यांस नवा करार दिला; दोन वर्षें ते वाचीत व झगडत राहिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं दीक्षा घेतली. भेट म्हणून त्यांनीं काय दिलें, हें लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रें' ह्या ग्रंथांत वाचावें. कित्येक वर्षें संसार दुभंगला. 'ख्रिस्तायन' टिळकांच्या हातून पुरें झालें नाहीं. १९१९ सालीं ते वारले व तें काम लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. दोन साष्टींतील शेतकऱ्याची भक्ति आणि टिळकांची भक्ति ह्यांत जन्माचें अंतर आहे. पण चालून जाण्याचा गुण दोहोंकडे एकच.

निवृत्तीनंतर आम्हीं चालून पाहावयाचें ठरविलें. प्रथम गोमंतकांतील साष्टींत गेलों. कांसावली, आरोशी व कुवेलीं हे तीन शेजारगांव. त्यांच्यामध्यें एक टेंकडी, आणि तिच्या माथ्यावर रेमेदियुश मातेचें लहानसें देऊळ. ६ जानेवारीस प्रत्येक गांवांतून एक मुलगा राजा म्हणून निवडलेला असतो. डोक्यावर मुकुट, अंगावर झगा, खालीं घोडा. तीन राजे तीन निराळ्या वाटांनीं टेंकडी चढतात आणि माथ्यावर एकत्र येतात. चांदरासहि असाच सण होतो. तेथील चर्च बेथलेहेमच्या मातेचें, आणि राजे चांदर, कावोरी व गिरदोली येथले. म्हणजे कदंबांच्या जुन्या चंद्रपुरांत आतां बेथलेहेम आहे. कुवेलींच्या टेंकडीवर आम्ही उन्हांत उभे होतों. वाद्यें वाजत होतीं. एका राजाचा मुकुट डोळ्यांवर घसरत होता व त्याची आई घोड्याच्या बाजूनें चढत चढत तो पुन्हां पुन्हां सारखा करीत होती. मूल आठ-नऊ वर्षांचें असेल. घोडा बुजेल ह्या भीतीनें त्याचा चेहरा उतरला होता, पण हातांतील भेटीची पेटी त्यानें सोडली नाहीं. चहूंकडून गांवेंच्या गांवें वर येत होतीं. म्हाताऱ्या माणसांस हात देऊन चढवीत होते. आम्हांस जेजुरीचा गड आठवला, आणि निरनिराळ्या वाटांनीं पंढरीस निघालेल्या दिंड्या आठवल्या. गांवचा मान, गांवची वाट, गांवचा घोडा. ज्या व्हाइसरॉयांनीं राजचिन्हें कोरलीं, त्यांतील कोणाचेंहि नांव त्या दिवशीं त्या टेंकडीवर कोणी घेतलें नाहीं. येथें राजा झाला होता तो शेजारच्या गांवचा मुलगा, आणि तोहि गुडघे टेंकण्यापुरता.

मुंबईस परतल्यावर गोराई राहिली होती. नाहूरहून जोडरस्त्यानें गोरेगांव, तेथून आगगाडीनें बोरिवली, मग खाडीवर होडी. सारा प्रवास दोन-अडीच तासांचा. तीस वर्षें आम्हांस तो जमला नव्हता. शास्त्र्यांस गांव ठाऊक असून ते चालले नाहींत, असें वर लिहिलें तें लिहितांना लेखणी थोडी अडखळली, ती ह्याच कारणानें. गोराईचें चर्च 'होली मॅजाय', म्हणजे पवित्र मागी, ह्याच नांवाचें आहे. तसेंच उत्तरेस उत्तनच्या बाजूस गेलें तर डोंगरीचें चर्च लागतें, तें बेथलेहेमच्या मातेचें. एकाच किनाऱ्यावर, एकाच वाटेवर मागी आणि बेथलेहेम अशीं दोन नांवें असावीं, हें सहज घडलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. रेइश मागुश व बेलें ह्या जोडीची ती उत्तरेकडील प्रतिकृति असावी. आम्ही गेलों तो साधा वार होता. चर्चांत दोन बायका फुलें सांवरीत होत्या. कोणत्या गांवचे, असें त्यांतील वडील बाईंनीं विचारिलें. नाहूर म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे पूर्वेकडचेच कीं!" आणि आम्हांस बसावयास बांक पुसून दिला.

वाझ ह्याच्या पुराणाच्या जुन्या प्रती, तसेंच मागींच्या कथेचीं गाणीं लिहिलेलीं वह्या-बाडें गोराई, मनोरी, उत्तन, डोंगरी व वसईकडील कांहीं घरांतून अद्याप असण्याचा संभव आहे. ज्या वाचकांस अशा एखाद्या बाडाचा ठाव असेल, त्यांनीं तें पाण्यापासून व वाळवीपासून सांभाळावें, आणि मालकाची संमति घेऊन मंडळास कळवावें. बाड आमच्याकडे आणून द्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. नक्कल करून घेण्यास आम्ही स्वतः येऊं.